खजिनदारांची खर्चबंदी

"उद्यापासून एक महिना घरात अनावश्यक खर्च बंद," अशी घोषणा खजिनदारांनी केली आणि त्यांची बायको नुसती "बरं" म्हणाली. त्याच क्षणी खजिनदारांच्या मनात पाल चुकचुकली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या कुठल्याही घोषणेवर बायको नुसती "बरं" म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "बरं, पण" म्हणायची. "बरं, बघू" म्हणायची. एकदा तर "बरं वाटतंय ना तुम्हाला?" असंही म्हणाली होती. मागेपुढे काहीही नसलेलं, सुटं "बरं" ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी घास हातातच धरून तिच्याकडे निरखून पाहिलं. ती शांतपणे ताटं उचलत होती. तिचं हे शांतपण तर त्यांना त्या "बरं"पेक्षाही जास्त खटकलं.

खटकणं हा त्यांचा व्यवसायच होता म्हणा. विमा कंपनीत दावे तपासायचं काम. कुणी घराला आग लागली म्हणून भरपाई मागितली की आग खरंच लागली का, लागली असेल तर कुणी लावली, आणि तिच्यात जळालेलं महागडं कपाट मुळात त्या घरात होतं का, हे शोधून काढायचं. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना शंकासुर म्हणत. आपल्या पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणतात, अशी त्यांना फार दिवसांपासून शंका होतीच. राहत्या इमारतीत मात्र सगळे त्यांना तोंडावर आणि मानाने खजिनदार म्हणत, कारण इमारतीच्या समितीत ते खजिनदार होते. लोकांचा आपल्या सचोटीवर विश्वास म्हणून हे पद आपल्याकडे आलं, असं ते मानत. लोकांना हे काम नको होतं म्हणून आलं, असं लोक मानत.

या घोषणेमागे एक यंत्र होतं, आणि ते पुढे सगळीकडे फिरणार असल्यामुळे त्याची ओळख आत्ताच करून दिलेली बरी. ते पाय दाबायचं यंत्र होतं. जाहिरातीतला माणूस त्यात पाय घालून डोळे मिटून हसत असे. खजिनदारांनी ते कुणालाही न विचारता विकत आणलं, त्यात पाय घातले, बटण दाबलं आणि असा काही खडखडाट झाला की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत वाजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय घातले, तेव्हा पोटरीत गोळा आला. तिसऱ्या दिवशी यंत्र पलंगाखाली गेलं. "अनावश्यक खर्चाची व्याख्या कुणाला हवी असेल तर ती आमच्या पलंगाखाली आहे," असं बायको एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेली. पाहुणे हसले. खजिनदारांनी ते मनाला लावून घेतलं आणि घरात पैशाची शिस्त नेमकी कुणाला आहे ते एकदा दाखवूनच द्यायचं ठरवलं.

पण यंत्राबद्दल आणखी एक गोष्ट होती, जी फक्त त्यांनाच ठाऊक होती. इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि तिच्या दुरुस्तीसाठी घरटी वर्गणी गोळा झाली होती, रोख. समितीचे अध्यक्ष, तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, यांची वर्गणी तेवढी यायची होती. तुकड्यातुकड्याने बँकेत पैसे भरले की घोळ होतो, असं खजिनदारांचं मत. "माझ्या कपाटात ठेवू का?" असं बायकोने विचारलं होतं. त्यावर ते ताठ मानेने म्हणाले होते, "पैशाच्या बाबतीत मी माझ्या सावलीवरही विश्वास ठेवत नाही. आणि ते मी केव्हाच बँकेत भरलेत." खरं तर पैसे त्यांनी रुमालात बांधून त्या यंत्राच्या पोटात, खालचं झाकण उघडून, मोटरीच्या शेजारच्या पोकळीत गच्च बसवले होते. झाकण लावून त्यांनी यंत्र एकदा चालवून पाहिलं, तर काय, खडखड जवळजवळ बंद! बरं, घरात त्या यंत्राला कुणी हात लावण्याची शक्यता शून्य. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी ऑफिसातला एक दावा चक्क मंजूर केला.

आवश्यक काय आणि अनावश्यक काय, याची वाटणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

"शाम्पू?" लेकीने विचारलं. ती कॉलेजात होती आणि तिला या प्रकारात भलतीच मजा वाटत होती.

"अनावश्यक. घरात साबण आहे."

"आणि बाबा, तुमचं वर्तमानपत्र?"

खजिनदार थांबले. मग छाती पुढे काढून म्हणाले, "अनावश्यक."

"स्कूटरचं पेट्रोल?" बायकोने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"चालत जाईन."

"केसांची कटिंग? इस्त्री? तुमचा ऑफिसातला दुपारचा चहा?"

न्यायाची सुरुवात स्वतःपासून करायची असते, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. सगळं उरकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शाम्पू वगळता बंद झालेलं सगळं त्यांचंच होतं.

"आणि तुमच्या ऑफिसच्या पिशवीची चेन? मागच्या कप्प्याची अडकलीय ना?" बायकोने जाता जाता विचारलं.

"मागच्या कप्प्यात मी काही ठेवतच नाही. अनावश्यक," खजिनदार म्हणाले आणि पायी ऑफिसला निघाले.

पहिल्या आठवड्यातच त्यांना कळून चुकलं की माणसाने खर्च वाढवला तर लोक फार तर जळतात, पण खर्च थांबवला की चौकशी करतात. लिफ्ट बंद, त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, आणि सगळी इमारत त्याच जिन्याने चढत-उतरत होती. त्यामुळे चौकशीला भरपूर वाव होता. "भावजी, चालत?" समोरच्या घरातल्या वहिनींनी विचारलं. "डॉक्टरांनी सांगितलं का? नाही? मग तर जास्तच काळजी घ्या." तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी त्यांच्या चुरगळलेल्या शर्टाकडे व्यावसायिक दुःखाने पाहिलं आणि "माझी इस्त्री तापलेलीच असते, साहेब. लाजू नका," असं हळूच सुचवलं. खजिनदार म्हणजे लाजेने मान खाली घालणारे नव्हेत. ते म्हणाले, "हे मी मुद्दाम करतोय." शिंपीकाकांनी मान डोलावली. मुद्दाम कुणी असं करत नसतं, हे त्यांना वयामुळे ठाऊक होतं.

केस वाढले तेव्हा लेकीने कात्री हातात घेतली. डावी बाजू जरा जास्त गेली म्हणून तिने उजवी सारखी केली, मग उजवी जास्त गेली म्हणून डावी. ती थांबली तेव्हा खजिनदार आरशासमोर बराच वेळ उभे होते आणि टोपी कुठल्या प्रकारच्या खर्चात बसते, याचा विचार करत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि घरी काही देणी-बिणी झालीत का, असं विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारलेल्या खजिनदारांचे कान लाल झाले. कान लपवायला केसही उरले नव्हते.

वर्तमानपत्राचं जास्त अवघड झालं. त्याच्याशिवाय त्यांना करमेना. पोस्टमास्तरांचं वर्तमानपत्र सकाळी त्यांच्या दाराच्या कडीत खोचलेलं असे. ऑफिसला निघताना खजिनदार ते उभ्याउभ्या चाळत, नीट घडी घालत आणि परत खोचत. यात कुणाचं नुकसान नव्हतं. फक्त एकदा हातात पेन होतं आणि सवयीने त्यांनी शब्दकोडं सोडवून टाकलं. पोस्टमास्तरांचं आयुष्य त्या शब्दकोड्याभोवती फिरत असे. त्यांनी जिन्याखाली नोटीस लावली की कुणीतरी इमारतीत परक्याची कोडी सोडवतं आहे, आणि आडवा सात चुकलेला आहे. खजिनदारांना पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा तो आडवा सात जास्त लागला.

हे सगळं ते हसत सोसत होते, कारण घरात शिस्त आली होती. निदान तसं दिसत होतं. आणि तेच त्यांना पटेना. खर्च बंद झाला की घरात कुरकुर व्हायला पाहिजे, रुसवेफुगवे व्हायला पाहिजेत, कुणीतरी दरवाजा आपटायला पाहिजे. इथे तर मायलेकी गाणी गुणगुणत होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल त्यांची खात्री पटली. ते संध्याकाळी दारातच खुर्ची टाकून बसू लागले आणि आत येणारी प्रत्येक पिशवी तपासू लागले.

"बाबा, हे घर आहे की विमानतळ?" लेक वैतागली.

"लपवायला काही नसेल तर दाखवायला काय हरकत आहे?" असं ते म्हणत. हे वाक्य ऑफिसात नेहमी उपयोगी पडे. बायको पिशवी उघडून दाखवी आणि त्यांच्याकडे जरा वेळ बघत राही. त्या बघण्याचा अर्थ लावायला मात्र त्यांना वेळ नव्हता, कारण रोजच्या चालण्याने ते दमलेले असत. चालताना पिशवी सारखी बरगडीत टोचे. डब्याचा कोपरा असणार, असं म्हणून ते खांदा बदलत आणि पुढे जात.

आणि एका संध्याकाळी घरी येऊन पाहतात तो खिडकीला नवे पडदे.

"हे पडदे?" खजिनदारांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तपासनीस जागा झाला होता.

"छान आहेत ना?"

"कुठून आणले?"

"आणले नाहीत. आले."

"पडदे येत नसतात. आणावे लागतात."

"एक पैसा खर्च केलेला नाही," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर लेकीच्या टेबलावर दिवा आला. मग खुर्च्यांना गाद्या आल्या. पिशव्यांतून काहीच येत नव्हतं आणि घर मात्र भरत होतं. हा दावा ऑफिसात आला असता तर खजिनदारांनी आधी घराची झडती घेतली असती. तेव्हा त्यांनी तेच केलं. बायको बाहेर गेल्याचं पाहून कपाटं बघितली, माळा बघितला, आणि शेवटी गुडघ्यावर बसून पलंगाखाली डोकं घातलं.

पलंगाखाली यंत्र नव्हतं.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ते गुडघ्यावर असल्यामुळे गुडघ्याखालचीही. त्यांनी हात फिरवला. हाताला एक जुनी चप्पल लागली. यंत्र होतं तिथे फरशीचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता.

"बाबा, काय शोधताय?" दारात लेक उभी होती.

"काही नाही. ते आपलं... पाय दाबायचं..."

"ते होय! आईने केव्हाच दिलं समोरच्या काकूंना. त्या बदल्यात पडदे घेतले. आई पैसे खर्चच करत नाही, बाबा. नुसती अदलाबदल करते. दिवा माझ्या जुन्या पुस्तकांवर आला, आणि गाद्या तुमच्या क्रिकेटच्या पॅडवर." लेकीला आईचा फार अभिमान वाटत होता.

पॅडचं दुःख करायला सवड नव्हती. खजिनदार तसेच पलंगाला टेकून जमिनीवर बसले. अख्ख्या इमारतीचे पैसे दारोदार गेले होते. आजवर त्यांच्याकडे केवळ एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं, ती म्हणजे त्यांचा हिशेबाचा चोखपणा. ती गेली तर मागे उरणार होते फक्त वाईट कापलेले केस.

बायकोला विचारावं का? त्यांनी तो विचार तपासून पाहिला. विचारायचं म्हणजे पैसे बँकेत भरले हे खोटं सांगितल्याचं कबूल करायचं. तिच्या कपाटापेक्षा यंत्राच्या पोटावर जास्त भरवसा ठेवला, हेही कबूल करायचं. आणि समजा तिला पैसे सापडले असते, तर ती बोललीच असती. बोलली नाही, म्हणजे सापडले नाहीत. की सापडले, आणि बोलली नाही? त्यांची नजर नव्या पडद्यांवर गेली. पडदे चांगलेच महागडे दिसत होते. मग आपण काय विचार करतोय हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तरीही त्यांनी पडद्याचं कापड बोटांनी चोळून पाहिलं. नेमकी त्याच वेळी बायको आत आली. ते पटकन म्हणाले, "धूळ बसलीय." ती पडदा सारखा करून आत गेली.

शोध त्यांनी समोरच्या घरापासून सुरू केला. "वहिनी, ते यंत्र जरा बघायचं होतं. वॉरंटीचा नंबर हवाय," ते म्हणाले.

"अगंबाई, ते? काय खडखडतं हो ते, भावजी! पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांची कवळी टेबलावरून पडली. मी शिंपीकाकांना देऊन टाकलं, त्यांनी सोफ्याचे अभ्रे शिवून दिले." वहिनींनी आवाज खाली आणला. "भावजी, एक विचारू? दिलेली वस्तू परत मागायची वेळ आलीय का? नोकरीचं खरं आहे का मग?"

"नोकरीचं काय?"

"काही नाही, काही नाही," असं म्हणून वहिनींनी त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा कोंबला आणि डोळे पुसत दार लावलं.

तिसऱ्या मजल्यावर शिंपीकाकांनी हातातलं काम थांबवलं. "साहेब, चांगलं म्हणून पाय घातले त्यात, आणि इथे हाताने शिवत होतो एक बाही. असा खडखडाट, असा खडखडाट, की बाही गेली पाठीवर! ते मी डॉक्टरीणबाईंना दिलं. ही दाढ त्याच्यावरच भरून घेतली." त्यांनी पुरावा म्हणून तोंड उघडलं. खजिनदारांनी सवयीने आत डोकावून दाढ खरंच भरलेली असल्याची खात्री केली.

दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. "काका, मी ते बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, पेशंटना आराम म्हणून," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाईंनी त्यात पाय घातले. ती खडखड ऐकून आत खुर्चीत बसलेल्याला वाटलं मी मोठं ड्रिल आणलंय. तो तोंडातल्या कापसासकट पळाला. मग मी ते इमारतीच्या समितीला देणगी म्हणून देऊन टाकलं. पण तुमचा चेहरा का असा दिसतोय? झोपेत दात खाता का? ताण आहे तुम्हाला. लोक म्हणतात ते ऐकलंय मी. होईल सगळं ठीक."

तीन घरं, तिन्ही ठिकाणी खडखडाट. एवढा मोठा तपासनीस, पण या गोष्टीकडे त्याचं लक्षच गेलं नाही. ते जिना उतरत होते तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की या तिघांपैकी कुणी झाकण उघडलं असेल. वहिनी डोळे का पुसत होत्या? शिंप्याकडे झाकण उघडायची हत्यारं असतात. आणि डॉक्टरीणबाईंना तर पोकळीत बघायची सवयच.

समितीची खोली तळमजल्यावर होती आणि तिच्या किल्ल्या पोस्टमास्तरांच्या कमरेला. त्यांनी खजिनदारांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"यंत्र आता समितीची मालमत्ता आहे. खोली उघडायला अर्ज लागेल. अर्जावर अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांची सही."

"मग मी करतो की सही. मीच तर खजिनदार आहे."

"अर्जदाराला स्वतःच्या अर्जावर सही करता येत नाही. हा नियम कुणी केलाय?"

नियम त्यांनीच केला होता, याच पोस्टमास्तरांवर संशय म्हणून.

"तुम्हाला एवढी घाई कसली आहे त्या यंत्राची?" पोस्टमास्तर म्हणाले. "आणि विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. लिफ्टचे पैसे बँकेत आहेत ना?"

"तुमची वर्गणी आली की भरणारच—"

"म्हणजे भरलेले नाहीत." पोस्टमास्तरांचे डोळे बारीक झाले. "हल्ली तुम्ही पायी जाता. कपड्यांना इस्त्री नाही. केस तर बघवत नाहीत. वर्तमानपत्रही बंद केलंत म्हणे. रविवारी सभा घेऊ. लिफ्टवाला मेकॅनिकही आगाऊ रक्कम न्यायला येणार आहे. पैसे घेऊन या. आणि आडवा सात 'सावध' नव्हता, 'सावज' होता."

रविवारपर्यंत खजिनदारांनी या प्रकरणाकडे तपासनीस म्हणून सगळ्या बाजूंनी पाहिलं. एक इसम अचानक सगळे खर्च थांबवतो. त्याच्याकडे सोपवलेला निधी नाहीसा होतो. विचारल्यावर तो एका बिनकामाच्या यंत्राची गोष्ट सांगतो. हा दावा त्यांच्या टेबलावर आला असता, तर त्यांनी चहा संपायच्या आत फेटाळला असता. त्यांनी राजीनामा लिहिला, ऑफिसच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि सभेला गेले.

बंद लिफ्टसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळी इमारत जमली होती. मेकॅनिक हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. बायको आणि लेक पुढच्या रांगेत होत्या. पोस्टमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "पहिला विषय. खजिनदारांनी लिफ्टचा निधी सभेपुढे ठेवावा."

"थांबा, त्याच्या आधी आमचं एक काम आहे," समोरच्या वहिनी उठल्या. त्यांच्या मागे शिंपीकाका आणि डॉक्टरीणबाई हातात काहीतरी धरून उभे होते. "भावजींवर कठीण काळ आलाय. ते बोलणार नाहीत, पण आपल्याला डोळे आहेत. माणूस आपल्या एका आवडत्या वस्तूसाठी दारोदार फिरतो, हे आम्हाला बघवलं नाही. खजिनदारांच्या ऐवजी डॉक्टरीणबाईंनी सही केली आणि आम्ही ती सोडवून आणली." आणि त्यांनी पाय दाबायचं यंत्र खजिनदारांच्या मांडीवर ठेवलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

खजिनदारांना आभार मानायचंही भान राहिलं नाही. त्यांनी यंत्र उलटं केलं, घराच्या किल्लीने झाकण उचकटलं आणि आत हात घातला. मोटर होती. थोडी धूळ होती. बाकी पोकळी रिकामी होती.

"नाहीत," ते म्हणाले.

"काय नाहीत?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "लिफ्टचे पैसे. यात ठेवले होते मी."

मग जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते नीटसं कुणालाच आठवत नाही. वहिनी ओरडल्या की आमच्याकडे होतं म्हणजे आम्ही घेतले का, शिंपीकाकांनी झाकण आहे हेच माहीत नसल्याची शपथ घेतली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यापुढे कुणाचीही दाढ वस्तूच्या बदल्यात भरणार नाही. पोस्टमास्तरांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "एकच प्रश्न. खजिनदार, तुमचा संशय कुणावर आहे?"

या प्रश्नाचं उत्तर खजिनदारांकडे जन्मभर तयार असे. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा पदर अजून डोळ्यांशी होता. शिंपीकाकांकडे पाहिलं. ते अपमानाने थरथरत होते. ही माणसं आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, आपल्याला मदत करायला उठली होती. खजिनदारांना फार वाईट वाटलं.

"कुणावर नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पैसे मी भरून देईन. स्कूटर विकेन. आणि खजिनदारपद..." राजीनामा काढायला त्यांनी पिशवी पुढे ओढली.

"पुढचा नको. मागचा कप्पा उघडा," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"त्याची चेन अडकलीय," खजिनदार म्हणाले.

"मेणबत्ती घासली की सुटते. खर्च काही येत नाही."

त्यांनी चेन ओढली. ती सर्रकन उघडली. आत त्यांचाच रुमाल होता, त्यांनीच बांधलेली गाठ होती, आणि गाठीत इमारतीचे सगळे पैसे होते. इतके दिवस बरगडीत टोचत होता तो डबा नव्हता.

"यंत्र देताना पुसायला काढलं आणि एकदा चालवून बघितलं," बायको सभेला सांगत होती, पण बघत होती त्यांच्याकडे. "तर खडखडेना. मला शंका आली. बिघडलेली वस्तू द्यायची कशी, म्हणून उघडलं. पैसे काढले आणि लगेच खडखडायला लागलं. मग विचार केला, हे सुरक्षित कुठे राहतील? तुम्ही रोज घरातली प्रत्येक पिशवी तपासता. स्वतःची तेवढी कधी बघत नाही."

आधी शिंपीकाका हसले. मग वहिनी हसल्या. मग हसण्याचा जो खडखडाट झाला त्यापुढे ते यंत्र काहीच नव्हतं. मेकॅनिकने पैसे घेतले. पोस्टमास्तरांनी शरमून आपली वर्गणी तिथल्या तिथे दिली, आणि पावती मागितली.

लिफ्ट अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे नवरा-बायको जिनाच चढत होते. यंत्र खजिनदारांच्या काखेत होतं, कारण ते दुसऱ्या कुणीच घ्यायला तयार नव्हतं. चौथ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?" ती म्हणाली. "समोर विचारलंत. शिंप्याला विचारलंत. दात काढणारीला विचारलंत. पोस्टमास्तरांकडे अर्ज केलात. मी घरातच होते ना? रोज वाट बघत होते, आज विचाराल, उद्या विचाराल. मला वाईट वाटलं हो."

खजिनदार पायरीवर बसले. "मला क्षणभर असंही वाटलं होतं, की तूच..."

"माहीत आहे. पडदा चोळून बघत होतात तेव्हाच कळलं."

ते मान खाली घालून यंत्राच्या झाकणाशी चाळा करत राहिले. बायको त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या डोक्यावरची, लेकीने जास्त कापलेली बाजू जरा नीट केली.

"तुमची खर्चबंदी संपत आली. आता माझं ऐका," ती म्हणाली. "उद्यापासून एक महिना घरात संशय बंद. पिशव्या तपासायच्या नाहीत. कुठून आलं, कसं आलं विचारायचं नाही."

"बरं," खजिनदार म्हणाले.

बायको उठता उठता थांबली. वळून तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ते शांतपणे बसले होते.

"नुसतं 'बरं'?" ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेऊन, तिथेच जिन्यात, एकेक कप्पा उघडून बघू लागली.